बायबलमधले चमत्कार शब्दशः घ्यायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नवापूर तालुक्यातलं, आजोबांपासून मंडळीत (चर्चमध्ये), सध्या शिक्षणासाठी जळगावला. गावचे पाळक सांगतात की बायबलमधला एक चमत्कार नाकारला तर अख्खं बायबल कोसळतं. होस्टेलवरचे मित्र विचारतात, येशू पाण्यावर चालला हे मानतोस, मग ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ते का मानत नाहीस? आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय की आजार बरे व्हावेत म्हणून भरलेल्या प्रार्थनेच्या आरोग्य सभेनंतर मामेभावाच्या फिटच्या गोळ्या घरच्यांनी बंद केल्या आहेत.

त्या शेवटच्या ओळीचं आधी बोलू, कारण बाकीचं थांबू शकतं. फिटची गोळी एकाएकी बंद केली की झटके उलट जोरात येऊ शकतात, कधी एकामागून एक येत राहतात, आणि त्यात जीवही जातो. आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करा आणि किती दिवस गोळी चुकली ते नेमकं सांगा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम दोन-तीन देऊ नका. झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ला फोन करा आणि दवाखाना गाठा. गोळ्या कधीतरी बंद होऊही शकतात, पण साधारण दोन वर्षं एकही झटका नसेल तर डॉक्टर तो विचार करतात, आणि तेव्हाही हळूहळू कमी करत नेतात.

मामांशी बोलताना ‘चमत्कार होत नाहीत’ इथून सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच तुटेल. त्यापेक्षा त्यांचंच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा. मत्तय ४:२४ (अध्याय ४, वचन २४) मध्ये येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे. तिथे भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी (फिटचे रोगी) वेगळे, पक्षाघाती वेगळे लिहिलेत. मत्तय १७ मध्ये एका फेफरेकरी मुलातून भूत काढल्याचं आहे हे खरं, पण तेवढ्यावरून प्रत्येक फिटला भूत म्हणायला मत्तयाचाच आधार मिळत नाही. मग २ राजे २० काढा. हिज्कीया राजाला देवाने स्वतः वचन दिलं की तू बरा होशील, आणखी पंधरा वर्षं जगशील. त्यानंतर लगेच संदेष्टा यशया म्हणतो, अंजिरांची चांदकी (लगद्याची वडी) आणा, आणि ती गळवावर बांधतात. वचन मिळाल्यावरही औषध लावलं. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून तो पुढे गेला. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर येशू म्हणतो, जा, याजकाला दाखव. ते दाखवणं म्हणजे काय, हे लेवीय १३ आणि १४ मध्ये आहे: सात-सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासणी, डाग पसरला का, केस पांढरे झाले का, हे सगळं बघूनच शुद्ध ठरवायचं. बरं झाल्याची साक्ष तपासणीनंतर द्यायची, हा नियम शास्त्रातलाच आहे.

हे इतकं ताणून सांगतोय कारण आपल्या भागातले काही आजार फसवे आहेत. सिकलसेलच्या वेदना उठतात आणि ओसरतात. सभेनंतर महिनाभर दुखलं नाही, तर बरा झाला असं वाटतं. रक्ताच्या तपासणीत मात्र तेच हिमोग्लोबिन दिसतं. टीबीचा खोकला औषधाने काही आठवड्यांत कमी होतो, पण साध्या टीबीचा कोर्सही बहुधा सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. प्रार्थना अवश्य करा. तिच्याबरोबर गोळी घेतल्याने विश्वास कमी पडतो असं मला बायबलमध्ये कुठेही आढळत नाही.

मार्क १६:१८चंही इथेच सांगून टाकतो, कारण ते वचन सभांमध्ये सारखं ऐकू येतं: विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांमध्ये, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनसमध्ये, मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) १६:८लाच संपतं. पुढचा भाग त्यांत नाही, म्हणून अनेक आवृत्त्यांत त्याला कंस किंवा टीप असते. तो भाग धरला तरी मुद्दाम साप उचला असा आदेश त्यात नाही. पौलाला माल्ता बेटावर साप डसला तो गोळा केलेल्या काटक्या विस्तवावर टाकताना, आणि सैतानाने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितलं तेव्हा येशूने, देवाची परीक्षा पाहू नको, असं उत्तर दिलं. कपाशीत-केळीत घोणस किंवा मण्यार चावली तर एकच रस्ता, सरकारी दवाखाना. सापाच्या, कुत्र्याच्या, विंचवाच्या चाव्यावर उपचार घेण्यापासून कुणाला अडवणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं आणि पैसे कमावणंही त्याच कायद्यात येतं, मग ते करणारा कुठल्याही धर्माचा असो.

आता मूळ प्रश्न. ‘शब्दशः घ्यायचे का’ याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण बायबल हा एका प्रकारचा मजकूर नाही. त्यात राजांचा इतिहास आहे, गाणी आहेत, दृष्टान्त आहेत, पत्रं आहेत, स्वप्नदर्शनं आहेत. म्हणून अभ्यासवर्गात मी प्रत्येक शास्त्रभागाला आधी एकच गोष्ट विचारायला लावतो: लिहिणारा इथे नेमका कशाचा दावा करतोय? ‘हे घडलं का’ हा प्रश्न त्यानंतरचा. उलट्या क्रमाने गेलं की माणूस लेखकाने न केलेला दावा मानत किंवा नाकारत बसतो.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते शास्ते ४ आणि ५ मध्ये. इस्राएलचा बाराक आणि कनानी सेनापती सीसरा यांची एकच लढाई दोनदा सांगितली आहे, चौथ्या अध्यायात गद्यात आणि पाचव्यात दबोरा या संदेष्ट्रीच्या गीतात. गद्यात सीसराचे नऊशे लोखंडी रथ आहेत, बाराकाबरोबर दहा हजार माणसं आहेत, परमेश्वराने शत्रूची दाणादाण उडवली आणि सीसरा रथातून उतरून पायी पळाला, इतकंच आहे. गीतात आकाशातले तारे सीसराशी लढतात, ढग पाणी ओततात, कीशोन नदी शत्रूला वाहून नेते. तारे खाली उतरून लढले असं कुणीही समजत नाही. पण गीतातून एक गोष्ट कळते जी गद्यात नाही: पाऊस पडला होता. ऐन पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतावा तसे ते रथ रुतले असणार, म्हणून सेनापतीला पायी पळावं लागलं. म्हणजे काव्य ‘खोटं’ नाही. त्याची खरं सांगायची रीत निराळी आहे.

त्याच दोन अध्यायांत आणखी बारीक बघा. ४:२१ मध्ये सीसरा गाढ झोपलेला आहे आणि त्याला तंबूत आसरा देणारी याएल त्याच्या कानशिलात मेख ठोकते. ५:२७ मध्ये तो तिच्या पायांशी वाकला, पडला, तिथेच गतप्राण झाला. गीत शब्दशः घेतलं तर तो उभा होता, गद्य घेतलं तर आडवा होता. विसंगती दिसते ती फक्त गीताला पंचनाम्यासारखं वाचणाऱ्याला. निर्गम १४ आणि १५ची जोडीही अशीच आहे: मिसरातून निसटलेल्या इस्राएलांनी समुद्र ओलांडल्याची गोष्ट आधी गद्यात, मग समुद्रकाठच्या गीतात. तिथे तर गद्यातच दोन धागे आहेत. परमेश्वराने रात्रभर जोराचा पूर्वेचा वारा वाहवून समुद्र मागे सारला, आणि पाणी उजवी-डावीकडे भिंतीसारखं उभं राहिलं. लेखकाला वारा आणि देव यांतला एकच निवडावा असं वाटत नाही. ‘नैसर्गिक कारण सापडलं, म्हणजे चमत्कार नाही’ हा आपला हिशोब. त्याने तो मांडलेलाच नाही.

यहोशवा १०चा सूर्य थांबल्याचा भाग यापेक्षा अवघड आहे. ‘सूर्या, गिबोनावर स्थिर हो’ या ओळी काव्य आहेत आणि त्या याशाराच्या ग्रंथातून घेतल्या आहेत असं मजकूरच सांगतो. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यानंतर ‘सुमारे दिवसभर सूर्य मावळायला गेला नाही’ हे वाक्य येतं, आणि खरा वाद त्या वाक्याचा आहे: ते अजून अवतरणाचाच भाग आहे, की निवेदकाचं स्वतःचं गद्य? अभ्यासक दोन्ही बाजूंना आहेत. मी ते अवतरणात धरतो, पण पैज लावण्याइतकी खात्री मला नाही. या भागाबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की नासाच्या कॉम्प्युटरला गणित मागे नेताना हरवलेला एक दिवस सापडला. असं काहीही घडलेलं नाही आणि घडूही शकत नाही. आजच्या स्थितीवरून ग्रहांचं गणित मागे नेलं तर जुन्या काळातल्या स्थिती मिळतात. त्यात ‘एक दिवस कमी’ दिसायला त्या काळातलं दुसरं स्वतंत्र घड्याळ हवं, आणि ते कुठे आहे? असले फॉरवर्ड श्रद्धेच्या नावाने पाठवले जातात आणि शेवटी तिलाच उघडं पाडतात. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं की निसर्गाबद्दल ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर काहीबाही बोलू नये. जाणकार ऐकणारा मग पुनरुत्थानाबद्दलही त्याचं ऐकणार नाही.

योना या संदेष्ट्याला मोठ्या माशाने गिळलं अशी गोष्ट आहे; त्याच्याबद्दल भांडण माशावर होतं, पण खुणा इतरत्र आहेत. योनाला जिथे पाठवलं ते निनवे शहर पार करायला तीन दिवस लागत, असं लिहिलंय. उत्खननात सापडलेल्या तटाचा घेर सुमारे १२ किलोमीटर आहे. राजाच्या हुकमाने गुरंढोरंही गोणपाट नेसून उपास करतात. आणि पुस्तक एका प्रश्नावर संपतं: एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं, यांची मी पर्वा करू नये काय? मला हा बोधकथेचा घाट वाटतो. योना नावाचा संदेष्टा मात्र २ राजे १४:२५ मध्ये आहे, आणि येशूनेही योनाचा दाखला दिला, म्हणून कित्येक जाणते लोक तो इतिहासच मानतात. दोन्ही बाजूंना त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, आणि माशावर वाद घालणारे बहुधा तिथपर्यंत पोचत नाहीत.

शुभवर्तमानांचं वेगळं आहे. ती गीतं नाहीत. लूक सुरुवातीलाच सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सोपवलं त्याचा नीट शोध करून मी लिहितोय. तिथे ‘हे सगळं रूपक आहे’ म्हणणं लेखकावर अन्याय आहे. पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग घ्या. पुनरुत्थान सोडलं तर चारही शुभवर्तमानांत असलेला हा एकच चमत्कार. पाच भाकरी, दोन मासे. शिष्य म्हणतात दोनशे दीनारांच्या भाकरी लागतील, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मार्क सांगतो की गवत हिरवं होतं आणि लोक शंभर-शंभर, पन्नास-पन्नासच्या पंगतींनी बसले. योहान सांगतो की भाकरी जवाच्या होत्या. उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या.

यावर एक संदेश फार ऐकायला मिळतो: एका मुलाने आपली शिदोरी पुढे केली, ते बघून सगळ्यांनी लपवलेल्या शिदोऱ्या काढल्या, हाच खरा चमत्कार. ऐकायला छान आहे, पण मजकुरात त्याला जागा नाही. लोकांकडे काही नाही म्हणून त्यांना गावांत पाठवा, असं शिष्य म्हणतात, आणि योहान ६:१५ मध्ये लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघतात. शेजाऱ्याच्या शिदोरीतलं खाऊन कुणी कुणाला राजा करत नाही. ज्याला हे घडलं असं वाटत नाही त्याने ‘मला पटत नाही’ म्हणावं. ते प्रामाणिक आहे. लेखकाच्या तोंडी दुसरीच गोष्ट घालणं प्रामाणिक नाही.

त्याचबरोबर ‘घडलं’ एवढ्यावर थांबणाराही अर्धंच वाचतो. जुन्या करारातल्या अलीशा संदेष्ट्याने जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घातलं आणि उरलं, हे २ राजे ४ मध्ये आहे. शुभवर्तमानकाराला ती आठवण जागी करायची आहे. कुणी म्हणेल, म्हणजे तिच्यावरूनच गोष्ट रचली. तसं सिद्ध होत नाही. जुन्या घटनेच्या साच्यात नवी घटना सांगणं ही त्या लोकांची नेहमीची पद्धत होती. पण घटना घडल्याचंही त्यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य करायला हवं. आणि योहानात दुसऱ्या दिवशी येशू त्याच लोकांना म्हणतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझ्यामागे आलात. मग जीवनाच्या भाकरीवरचं लांब भाषण, आणि त्या भाषणाने पुष्कळ शिष्य सोडून जातात. पोट भरलं आणि माणसं गेली, हे योहानाला सांगायचं आहे.

तपशिलातले फरक दिसले की घाबरू नका. यरीहोजवळचा आंधळा मार्कात एक आहे आणि त्याचं नाव बर्तिमय. मत्तयात दोघे आहेत. लूकात येशू यरीहोजवळ येत असताना तो भेटतो, बाकी दोघांत बाहेर पडताना. हे जुळवायला काही जण दोन-तीन वेगळे चमत्कार मानतात, आणि मग एकच संवाद पुन्हा पुन्हा झाला असं धरावं लागतं. त्यापेक्षा साक्षी सांगणाऱ्यांत असा फरक पडतो हे मान्य करणं सरळ आहे.

आता मित्रांचा प्रश्न. तो टाळू नका, चांगला आहे. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. तिथे जाणाऱ्या माणसाला वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला चांगदेव आणि समोरून भिंतीवर बसून आलेली भावंडं ठाऊक असतात. दोन्हीकडे माप एकच लावा: लेखी नोंद घटनेच्या किती जवळची, मजकूर कोणत्या प्रकारचा, आणि त्या गोष्टीवर काय टेकलेलं आहे. त्यांच्या गोष्टीला एक माप आणि आपल्या गोष्टीला दुसरं, असं करणं मला अजिबात मान्य नाही. तिसऱ्या प्रश्नावर फरक दिसतो. योगसामर्थ्याचा अभिमान ज्ञानापुढे गळून पडला, हा भिंतीच्या गोष्टीचा अर्थ वारकऱ्याला भिंत मोजल्याशिवायही पोचतो. बायबलमधले कित्येक चमत्कारही असेच आहेत. अलीशाने पाण्यात बुडालेली कुऱ्हाड तरंगवली नसती तर ख्रिस्ती विश्वासाचं काय कोसळलं असतं? मला तरी काही सुचत नाही.

येशूच्या पुनरुत्थानाला हे लागू नाही, आणि तसं पौल स्वतःच सांगतो. १ करिंथ १५ मध्ये तो लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा संदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. हे पत्र इ. स. ५५च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांतलं. त्यातली साक्षीदारांची यादी त्याला आधीच्यांकडून मिळालेली आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेंहून अधिक बांधव, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग येशूचा भाऊ याकोब. एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. इतिहासाच्या साधनांनी इतकं दाखवता येतं की ही श्रद्धा फार लवकरची आहे आणि ती मांडणारे शब्दशःच बोलत होते. पुढचं पाऊल देव आहे की नाही, या तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मांडलं की निसर्गनियमाच्या बाजूचा अनुभव कुठल्याही साक्षीपेक्षा नेहमीच जड भरतो. देव नाहीच असं धरलं तर ते पटतं. देव असेल तर तराजूच बदलतो. मी ख्रिस्त उठला असं मानतो, आणि ते उपमेने मानत नाही.

पाळकांचं ‘एक गेलं की सगळं गेलं’ हे पौलाच्या मते एकाच चमत्काराला, पुनरुत्थानाला, लागू आहे. ते सगळ्या चमत्कारांना लावलं की कॉलेजात गेलेलं पोर योनाच्या माशावर अडखळतं आणि ख्रिस्तालाच सोडून देतं. हे मला फार लागतं, कारण ती निवड त्याच्यापुढे ठेवायची गरजच नव्हती.

पाळकांशी बोलायला जाल तेव्हा एक गोष्ट हाताशी ठेवा. धुळे-नंदुरबारकडच्या पुष्कळ मंडळ्या इव्हँजेलिकल मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, आणि त्या परंपरेत बायबल निर्दोष आहे असं ठामपणे मांडणारं १९७८चं शिकागो निवेदन मानाचं आहे. त्याचं कलम १८ म्हणतं की अर्थ लावताना साहित्यप्रकार आणि मांडणीच्या पद्धती लक्षात घ्याव्यात; कलम १३ अतिशयोक्ती आणि गोळाबेरीज आकड्यांना दोष मानत नाही. कॅथलिक बाजूलाही १९६५च्या व्हॅटिकन परिषदेने हेच सांगितलं. म्हणजे तुम्ही घराबाहेरचं काही आणत नाही. योनापासून सुरू करू नका, तिथे बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असतं. पुनरुत्थानाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते पहिल्यांदा सांगून टाका, कारण त्यांची खरी धास्ती तीच असते. मग शास्ते ४ आणि ५ शेजारी शेजारी उघडा आणि विचारा की मेख ठोकली तेव्हा सीसरा उभा होता की आडवा.